किकर बदलावा काय?



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा व्हावयाची, तेथे अमेरिकेतल्या फुटबॉलची, आणि त्यातही चेंडूला लाथ मारणाऱ्या एका गड्याची कथा कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर साधे आहे. एखाद्या माणसाच्या हातून काम बिघडले की बाकीची माणसे त्याच्याविषयी काय बोलतात, काय ठरवतात आणि पुढे काय होते, हे आपण रोज पाहतो. पण आपल्या रोजच्या व्यवहारात त्याचा नीट हिशेब राहत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो राहतो. तेथे चूक हजारोंच्या डोळ्यांसमोर होते, तिची नोंद होते, त्या माणसाला ठेवले की काढले हे कळते, आणि काढल्यावर त्याचे व त्याच्या जागी आलेल्याचे काय झाले हेही वर्षानुवर्षे पाहता येते. म्हणून आज त्या मैदानाकडे जावयाचे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. गडी प्रत्येक बाजूस अकरा. खेळ साठ मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन अथवा फेकून-झेलून प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. तेथवर पोचण्याची आशा नसेल, तर चेंडू लाथेने उडवून दोन उभ्या खांबांच्या मधून व आडव्या दांडीच्या वरून पाठवावयाचा. यास फील्ड गोल म्हणतात. त्याचे तीन गुण. खांबांमधले अंतर साडेअठरा फूट आणि दांडी जमिनीपासून दहा फूट उंच. एक गडी चेंडू आपल्या पायांमधून मागे फेकतो, दुसरा तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि तिसरा धावत येऊन मारतो. हा तिसरा म्हणजे किकर. चेंडू मागे फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत सुमारे सव्वा सेकंद जातो, आणि तेवढ्या वेळात प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात.

त्रेपन्न जणांच्या चमूत बहुधा किकर एकच. सामन्यात इतरांची अंगे चिखलाने माखतात, हाडे मोडतात; हा बाजूला उभा राहून पाय गरम ठेवीत असतो. मग कधी तरी, पुष्कळदा अगदी अखेरच्या मिनिटाला, त्याला बोलावतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा एक चेंडू वाईट पडला तर पुढचा चेंडू त्याच्या हातात असतो. किकरला त्या दिवशी दुसरी संधी मिळेलच असे नाही. मारला तर त्याने आपले काम केले, एवढेच. हुकला तर सामना त्याने घालवला. या नोकरीचा करारनामाच असा एकतर्फी आहे.

आता अशा किकरचे चेंडू लागोपाठ हुकू लागले की त्या गावात काय होते? कचेऱ्यांत, हॉटेलांत, रेडिओवर दूरध्वनी करून लोक वाद घालू लागतात: किकर बदलावा काय? या वादात साधारणपणे तीन पक्ष पडतात.

पहिला पक्ष म्हणतो, बदला, आजच बदला. या माणसाला एकच काम दिले आहे आणि तेच त्याला जमत नाही. त्याच्यावरचा विश्वास उडाला की प्रशिक्षक तीन गुणांची सोपी वाट सोडून नको तेथे धाडस करू लागतो, आणि एका माणसाच्या दोषाने अख्ख्या चमूची चाल बदलते. दुसरा पक्ष म्हणतो, थांबा. काल हाच माणूस तुम्हाला देव वाटत होता. शिवाय हंगामाच्या मध्यावर जे किकर रिकामे सापडतात ते रिकामे का आहेत? त्यांना दुसऱ्या कोणी तरी काढले म्हणूनच ना! आगीतून उठून फुफाट्यात पडण्यात शहाणपण कोणते? तिसरा पक्ष मध्यम मार्गी. तो म्हणतो, दुसरा एक गडी सरावाला बोलवा. स्पर्धा लागली की पहिला सुधारेल, नाही तर दुसरा आहेच. या तिन्ही पक्षांत शहाणी माणसे असतात. तरीही वाद मिटत नाही, याचे कारण त्यांच्या हाती असलेला पुरावा फार थोडा असतो.

तो किती थोडा, ते पाहू. किकरला एका हंगामात साधारण तीस फील्ड गोल मारावयास मिळतात. आजच्या व्यावसायिक संघांत शंभरात पंच्याऐंशी हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. म्हणजे तीसांत पंचवीस-सव्वीस. ज्याचे प्रमाण पंच्याहत्तरावर उतरले त्याला लोक निकामी म्हणतात. त्याचे तीसांत बावीस-तेवीस होतात. चांगला आणि टाकाऊ यांत सबंध वर्षात फरक किती, तर तीन चेंडूंचा! नाणे दहा वेळा उडवले तर दर खेपेस पाचच छापे पडत नाहीत. कधी तीन पडतात, कधी सात, आणि त्यात नाण्याचा दोष नसतो. त्याचप्रमाणे ज्याची खरी कुवत पंच्याऐंशीची आहे त्याचेही एखाद्या वर्षी तेवीस होतील आणि एखाद्या वर्षी अठ्ठावीस. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण सारी शिते एकाच भांड्यात, एकाच विस्तवावर शिजलेली असतात म्हणून ती परीक्षा चालते. किकरचे चेंडू तसे नसतात. एक वाऱ्यात मारलेला, एक ओल्या गवतावर, एक वीस यार्डांवरून, एक पन्नासांवरून.

आणखी एक गोष्ट. पंच्याऐंशी हे प्रमाण काही सनातन नव्हे. जॅन स्टेनरुड नावाचा नॉर्वेत जन्मलेला किकर कॅन्सस सिटी, ग्रीन बे आणि मिनेसोटा या संघांकडून खेळला. १९९१ साली त्याला या खेळाच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. केवळ किकर म्हणून तो मान मिळवणारा तो पहिला. त्याचा सबंध कारकिर्दीचा हिशेब ५५८ पैकी ३७३, म्हणजे शंभरात सदुसष्टांच्याही किंचित आत. आज एवढ्या प्रमाणावर त्याची नोकरी अर्धा हंगामही टिकली नसती. मैदाने सुधारली, चेंडू धरणारे तयार झाले, मारण्याची पद्धत बदलली; आणि कौशल्य जसे वाढले तशी लोकांची क्षमा आटत गेली.

आता प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ, आणि ती एकाच गावची घेऊ. अमेरिकेच्या उत्तरेस, बर्फाळ मुलखात, मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील संघाचे नाव व्हायकिंग्ज. १९७० ते १९७७ या काळात हा संघ चार वेळा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, खेळला आणि चारही वेळा हरला. तेव्हा तेथील प्रेक्षक दुःखात मुरलेले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

१९९८ च्या हंगामात त्यांचा किकर होता गॅरी अँडरसन. नियमित हंगामात त्याने ३५ पैकी ३५ फील्ड गोल केले. एकही चुकला नाही. इतके फील्ड गोल एकही न चुकवता त्यापूर्वी कोणी केले नव्हते. १७ जानेवारी १९९९ रोजी अटलांटाशी उपांत्य सामना होता. संघ सात गुणांनी पुढे, दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, आणि अंतर ३८ यार्ड. हा चेंडू गेला असता तर सामना जवळजवळ हाती आला असता. तो डावीकडून बाहेर गेला. अटलांटाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यांच्या किकरने ३८ यार्डांवरूनच चेंडू मारून सामना जिंकला. त्याचे नाव मॉर्टन अँडरसन. नावसारखेपणाचा हा विनोद दैवानेच करावा! मिनेसोटाने गॅरी अँडरसनला काढले नाही. तो पुढे २००२ पर्यंत त्यांच्याकडून खेळला.

दुसरा ब्लेअर वॉल्श. २०१२ साली, पहिल्याच हंगामात, पन्नास यार्डांपलीकडचे दहाच्या दहा फील्ड गोल करणारा हा तरुण. १० जानेवारी २०१६ रोजी सिअ‍ॅटलविरुद्ध बाद फेरीचा सामना उघड्या मैदानावर झाला. तापमान शून्याखाली एकवीस अंश सेल्सिअस. संघाचे नऊच्या नऊ गुण वॉल्शच्या पायाने मिळवलेले. शेवटी २७ यार्डांची, शाळकरी मुलानेही मारावी अशी किक उरली, आणि ती डावीकडून गेली. ९-१० असा पराभव. चेंडू धरताना त्याच्या शिवणीची बाजू किकरकडे आली होती, हे चित्रफितीत दिसते. पण शिवणीला कोण विचारतो! संघाने वॉल्शला ठेवले. पुढच्या हंगामात मात्र तो १६ पैकी १२ फील्ड गोल करू शकला, आणि ३३ यार्डांवरून मारावयाच्या एका गुणाच्या किकाही चार वेळा हुकला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याला निरोप मिळाला. नंतर, गंमत पाहा, ज्या सिअ‍ॅटलला त्याच्या चुकीने विजय मिळाला होता, त्यानेच त्याला घेतले. तेथेही २०१७ मध्ये त्याचे २९ पैकी २१ झाले. वॉल्शचा पाय पूर्वीसारखा राहिला नव्हता.

तिसरा डॅनियल कार्लसन. २०१८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाने त्याला मुद्दाम घेतले. दुसऱ्याच सामन्यात, १६ सप्टेंबरला, ग्रीन बे येथे तो तीन वेळा हुकला; त्यांतला शेवटचा चेंडू जादा वेळ संपता संपता, ३५ यार्डांवरून. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी कार्लसनला काढून टाकण्यात आले. वॉल्शच्या बाबतीत उशीर झाला अशी बोच मनात होती. आता तत्परता दाखवली. एकंदर प्रयत्न किती पाहिले? चार! त्यांत एक यशस्वी. त्याच्या जागी डॅन बेली हा नावाजलेला किकर आला. त्याचे त्या हंगामात २८ पैकी २१ झाले. पुढच्या वर्षी २९ पैकी २७, वाहवा झाली. त्यापुढच्या वर्षी २२ पैकी १५, आणि तोही गेला. इकडे कार्लसनला ऑक्टोबरात ओकलंडच्या संघाने उचलले. तेथे उरलेल्या हंगामात त्याने १७ पैकी १६ फील्ड गोल केले. २०२१ च्या हंगामात त्याने चाळीस फील्ड गोल केले, आणि त्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, ९ जानेवारी २०२२ रोजी, जादा वेळ संपता संपता ४७ यार्डांवरून चेंडू मारून संघाला विजय मिळवून दिला. जादा वेळेची शेवटची घटका तीच, माणूस तोच. संघ मात्र दुसरा.

श्रोतेहो, एका गावाच्या या तीन कथांतून कोणता नियम काढावा? 'ठेवा' म्हणणाऱ्याने अँडरसन आणि कार्लसन यांची साक्ष काढावी. 'बदला' म्हणणाऱ्याने वॉल्शची. आमच्या मते नियम निकालातून निघत नाही, तो विचारावयाच्या प्रश्नांतून निघतो. पहिला प्रश्न, या माणसाचे किती काम आपण पाहिले? चार चेंडू की चारशे? दुसरा, चुका कोणत्या जातीच्या आहेत? पन्नास यार्डांवरून हुकणे ही वाऱ्यापावसाची गोष्ट असू शकते. सोप्या अंतरावरून पुन्हा पुन्हा हुकणे हे पायात किंवा मनात काही बिघडल्याचे लक्षण. वॉल्शच्या एका गुणाच्या हुकलेल्या किका हेच सांगत होत्या. तिसरा, त्याच्या जागी येणार कोण? रिकाम्या जागेशी कोणाचीही तुलना केली तर रिकामी जागाच सरस ठरते, कारण तिने अजून एकही चेंडू हुकवलेला नसतो. आणि चौथा, चूक खरोखर त्याचीच होती काय?

हा चौथा प्रश्न लोक बहुधा विचारीतच नाहीत. ६ जानेवारी २०१९ रोजी शिकागोचा किकर कोडी पार्की याचा ४३ यार्डांवरून मारलेला चेंडू आधी खांबावर आणि मग दांडीवर आदळून मागे आला; शिकागो एका गुणाने हरले. घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. पुढे चित्रफीत नीट पाहता कळले की प्रतिपक्षाच्या एका गड्याची बोटे चेंडूला लागली होती, आणि अधिकृत नोंदीतही ती किक अडवलेली म्हणून लिहिली गेली. तोपर्यंत हुर्यो करून झाली होती. ती परत घेण्याची सोय कोणत्याही नोंदवहीत नसते.

येथवर आम्ही हिशेबाची बाजू मांडली. पण या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. त्यासाठी मिनेसोटा सोडून पूर्वेस, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या बफेलो या शहरी जावे लागेल. पोलादाच्या गिरण्यांवर वाढलेले आणि त्या बंद पडल्यावर ओसरलेले हे कष्टकऱ्यांचे गाव. २७ जानेवारी १९९१ रोजी त्यांचा बिल्स हा संघ टॅम्पा येथे आपला पहिलाच सुपर बोल खेळत होता. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्स. अखेरचे आठ सेकंद उरले असता बफेलो १९-२० असे एका गुणाने मागे होते आणि किकर स्कॉट नॉरवुड ४७ यार्डांवरून मारावयास उभा राहिला. चेंडूला अंतर पुरले, दिशा पुरली नाही. तो उजव्या खांबाबाहेरून गेला. 'वाइड राइट' हे दोन शब्द त्या दिवसापासून बफेलोच्या बोलीत पराजयाला पर्याय म्हणून रुजले.

आता चौथा प्रश्न येथे लावून पाहा. त्या सामन्याच्या साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटांहून अधिक वेळ चेंडू जायंट्सच्या ताब्यात होता. तो वेळ काही नॉरवुडने घालवला नव्हता. घरच्या मैदानावर कृत्रिम हिरवळीची सवय. टॅम्पाला खरे गवत. आणि ४७ यार्ड हे त्या काळी सोपे अंतर नव्हते. पण हे सारे तर्काने कळते, आणि पराभवाच्या रात्री तर्क कोणाच्या घरी मुक्कामाला असतो?

दुसऱ्या दिवशी संघ गावी परतला. नगरभवनासमोरच्या नायगारा चौकात ऐन जानेवारीच्या थंडीत पंचवीस-तीस हजार माणसे जमली होती. हरलेल्या संघाचे स्वागत करण्यासाठी! आणि ती ओरडू लागली ती नॉरवुडच्या नावाने: आम्हाला स्कॉट हवा, स्कॉटला पुढे आणा. मागे उभा असलेला तो माणूस पुढे आला, त्याचा कंठ दाटून आला, आणि ज्यांना त्याने आदल्या दिवशी निराश केले होते त्यांच्याशीच तो दोन शब्द बोलला.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अर्धीच राहील. नॉरवुड पुढचा हंगाम खेळला. १२ जानेवारी १९९२ रोजी डेनवरवर बफेलोने १०-७ असा विजय मिळवून पुन्हा अंतिम सामना गाठला, तो तीन गुणांचा फरक नॉरवुडच्या ४४ यार्डांच्या किकचा होता. त्या दिवशी तीन वेळा हुकला तो डेनवरचा किकर. पण सबंध हंगामात नॉरवुडचे २९ पैकी १८ च झाले होते. संघाने १९९२ साली स्टीव्ह क्रिस्टी याला आणले आणि नॉरवुडला निरोप दिला. निर्णय चुकीचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. ३ जानेवारी १९९३ रोजी ह्यूस्टनविरुद्ध ३-३५ असे मागे पडलेल्या बफेलोने ४१-३८ असा जो अद्भुत विजय मिळवला, त्यातली शेवटची किक क्रिस्टीची होती. आणि १९९४ च्या सुपर बोलमध्ये त्याने ५४ यार्डांवरून केलेल्या फील्ड गोलचा उच्चांक तीस वर्षे टिकला.

श्रोतेहो, त्या गावाने दोन कामे केली आणि ती वेगवेगळी केली. माणसाला जवळ घ्यावयाचे होते तेव्हा घेतले, आणि किकर बदलावयाचा होता तेव्हा बदलला. चौकात आरोळी देणाऱ्यांनी असे म्हटले नाही की हा चुकलाच नाही. आणि पुढे संघाने त्याला काढले तेव्हा तो नालायक होता असेही कोणी सिद्ध करीत बसले नाही. आपला घोटाळा असा होतो की आपण ही दोन कामे एकात एक मिसळतो. माणूस चांगला म्हणून त्याच्याकडून न होणारे काम त्याच्याच गळ्यात ठेवतो. किंवा काम काढून घ्यावयाचे म्हणून आधी त्याला वाईट ठरवतो. मंडळाचा चिटणीस बदलावयाचा असतो, तर त्याच्या वीस वर्षांच्या खटाटोपाची आधी टवाळी होते, तेव्हा कोठे ठराव मंजूर होतो. गाण्यात सूर लागेनासा झालेल्या बुवांना कोणी सांगत नाही, आणि पाठीमागे मात्र सारे हसतात. यांत कामही सुधारत नाही आणि माणूसही राहत नाही.

तेव्हा 'किकर बदलावा काय?' या प्रश्नाला आमचे उत्तर असे: पुरेसे पाहून, येणारा कोण ते तपासून, गरज असेल तर अवश्य बदलावा. गावाच्या संघाशी इमान राखणे म्हणजे हरतच राहणे नव्हे. परंतु तो निर्णय शांतपणे, पराभवाची रात्र उलटल्यावर घ्यावा. आणि त्या रात्री मात्र चौकात जावे. मिनेसोटात वॉल्शच्या चुकीनंतर ब्लेन या गावच्या एका शाळेतील पहिलीच्या मुलांनी त्याला धीराची पत्रे लिहिली आणि तो त्यांना भेटावयास शाळेत गेला. संघ पुढे त्याला ठेवणार की काढणार, या वादात त्या मुलांना मत नव्हते. तरी करावयाचे ते काम त्यांना बरोबर कळले होते.